निकालाआधी बिऱ्हाड हलवावे का?

सिंहगड रस्ता परिसरात राहणाऱ्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश पुढे देत आहे.

"लग्नाला १४ वर्षे झाली. नवरा नोकरीसाठी कॅनडाला गेला, टोरोंटोजवळ राहतो. २०२३ मध्ये त्याला पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा दर्जा, मिळाले. तेव्हा सासरे अंथरुणाला खिळलेले होते, मला जाणे शक्य नव्हते. म्हणून त्याच्या अर्जात माझे आणि मुलीचे नाव 'सोबत न येणारे' असे लावले होते. आमची मेडिकल मात्र तेव्हाच झाली. सासरे गेल्यावर त्याने आमच्यासाठी स्पॉन्सरशिपचा, म्हणजे कुटुंब म्हणून आम्हालाही पीआर मिळावे असा, अर्ज केला. मी भारतात आहे असे धरून तो केलेला आहे. स्पॉन्सर म्हणून त्याची पात्रता मंजूर झाली, पुढे कित्येक महिन्यांत काही हालचाल नाही. तो म्हणतो, आता थांबायला नको. व्हिजिटर व्हिसा काढ, नोकरीचा राजीनामा दे, फ्लॅट भाड्याने लाव आणि मुलीला घेऊन ये. निकाल इथे बसून लागेल. माझी अनुदानित शाळेत कायम नोकरी आहे. मुलगी सहावीत आहे. रोज सकाळी सातला ओट्यावर डाळीच्या डब्याला फोन टेकवून, दूध पिता पिता बाबांशी बोलते. सासूबाई ७३ वर्षांच्या, आमच्याकडेच असतात, नणंद नाशिकला. ओळखीतला एक एजंट सांगतो की व्हिजिटर व्हिसाच्या अर्जात स्पॉन्सरशिपचे नाव काढू नका, 'फिरायला येते' एवढेच लिहा. तिथे पोहोचल्यावर ही फाईल मागे घेऊन तिथूनच नवी लावा, काम लवकर होते. सासरची माणसे विचारतात, नवऱ्यापेक्षा नोकरी मोठी झाली का? मला त्याच्याजवळ जायचे आहे. पण भीती वाटते, आणि भीती वाटते म्हणून अपराधीही वाटते. काय करू?"

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी दूध पिते तेव्हा तिच्या बाबांकडे आदल्या रात्रीचे साडेआठ-साडेनऊ वाजलेले असतात. एकाची सकाळ आणि दुसऱ्याची रात्र जुळवून चाललेला हा संसार किती काळ असा चालवायचा, हा तुमच्या यजमानांचा प्रश्न अगदी खरा आहे आणि त्यांच्या घाईमागे एकटेपणा आहे हे मी मानते. तुम्ही तिघांनी एकत्र राहावे याबद्दल तुमच्या पत्रात कुठेही शंका दिसत नाही. घोळ झाला आहे तो क्रमाचा. 'भेटायला जाणे' आणि 'बिऱ्हाड हलवणे' ही दोन कामे तुमच्या घरात एकाच वाक्यात बोलली जात आहेत, आणि त्यामुळे पहिल्याला होकार दिला की दुसऱ्यालाही दिल्यासारखा होतो. माझे मत सुरुवातीलाच सांगते: भेटायला अवश्य जा, शक्य तितक्या लवकर जा, बिऱ्हाड मात्र निकाल हातात आल्यावरच हलवा.

तुमच्या घरात गृहीत धरलेली पहिली गोष्ट अशी की अर्ज केला आहे, स्पॉन्सर मंजूर झाला आहे, म्हणजे आता उरली ती केवळ औपचारिकता. तसे नाही. स्पॉन्सरची पात्रता मंजूर होणे म्हणजे तुमच्या यजमानांची बाजू तपासून झाली. तुमची बाजू, म्हणजे नाते खरे आहे का, पोलिस पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि सुरक्षेची छाननी, ही अजून व्हायची आहे. १४ वर्षांचा संसार आणि शाळेत जाणारी मुलगी असताना नात्याच्या खरेपणावर शंका घेतली जाण्याचे कारण मला दिसत नाही, आणि तुमची फाईल मला चांगलीच वाटते. पण चांगली फाईलही कधी निकाली निघेल, ते तुमच्या हातात नाही. पती-पत्नीच्या अर्जांसाठी तिथल्या इमिग्रेशन खात्याचे स्वतःचे उद्दिष्ट १२ महिन्यांचे असले, तरी ते उद्दिष्ट आहे, वचन नव्हे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये भारत आणि कॅनडा यांचे संबंध बिघडून ४१ कॅनेडियन अधिकारी एकदम भारत सोडून गेले, तेव्हा ज्यांच्या फाइली रांगेत होत्या त्या कुटुंबांनी काय चूक केली होती? शाळेचे वर्ष, राजीनामा, भाडेकरार या तारखा ज्या तारखेला बांधायच्या, ती तारीख कोणालाच माहीत नाही, इतके तुम्ही दोघांनी आधी मान्य करावे.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे गरजेचे आहे. तुमच्या यजमानांनी स्वतःच्या अर्जात तुमची दोघींची नावे लावली आणि मेडिकल करून घेतली, हे फार चांगले केले. कॅनडाच्या नियमांनुसार पीआरच्या अर्जात ज्या पत्नीचे किंवा मुलाचे नाव दिलेले नसते, त्यांची तपासणी झालेली नसते, त्यांना पुढे कुटुंब म्हणून स्पॉन्सर करण्याचा मार्ग सहसा बंद होतो. "आत्ता नाव घालून गुंता नको, नंतर बोलावून घेऊ" असे म्हणणारे नातेवाईक आपल्याकडे बरेच आहेत. त्यांचे ऐकू नका. तसेच सोबत येण्याचा बेत पक्का असताना केवळ पीआरच्या निवडीतले गुण वाढावेत म्हणून जोडीदाराला 'सोबत न येणारा' दाखवू नका. तुमच्या बाबतीत कारण खरे होते. सासऱ्यांच्या आजारपणाची हॉस्पिटलची कागदपत्रे आणि मृत्यूचा दाखला जपून ठेवा. तेव्हा का गेला नाहीत आणि आता का जाता, असे कोणी विचारले तर उत्तर कागदावर तयार असेल.

आता त्या एजंटकडे वळते, कारण पत्रातली सर्वांत धोक्याची गोष्ट तीच आहे आणि ती तुम्ही अगदी सहज लिहून गेला आहात. व्हिजिटर व्हिसाच्या अर्जात स्पॉन्सरशिप लपवायची, हा सल्ला कोणत्याही परिस्थितीत मानू नका. तुमची फाईल ज्या खात्याकडे आहे, तेच खाते व्हिजिटर व्हिसाचा अर्ज तपासणार आहे. तुमचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट सगळे तिथे आधीच नोंदलेले आहे. लपवून लपणार तर नाहीच, उलट महत्त्वाची माहिती दडवली असा ठपका आला तर तिथल्या कायद्यानुसार ५ वर्षे प्रवेशबंदी होते आणि त्या काळात पीआरसाठी अर्जही करता येत नाही. आज जो अर्ज तुमच्या बाजूने भक्कम उभा आहे, तोच एका खोट्या ओळीने बुडेल. आणि हे सगळे अनावश्यक आहे, कारण कॅनडाचा कायदा दोन्ही हेतू एकत्र असणे मान्य करतो. पुढे कायमचे राहायचे आहे आणि आत्ता काही काळासाठी यायचे आहे, या दोन गोष्टी एकाच व्यक्तीच्या मनात असू शकतात. अधिकाऱ्याला पटवायचे असते ते एवढेच की कायमचा दर्जा मिळाला नाही, तर मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल.

ते पटवण्यासाठी तुमच्याजवळ इतरांकडे क्वचित असते असे साधन आहे: तुमची नोकरी. व्हिसाच्या अर्जासोबत एक साधे पत्र जोडा. त्यात लिहा की पतीने स्पॉन्सरशिपचा अर्ज केला आहे, त्याचा क्रमांक अमुक. निकाल लागेपर्यंत आम्हाला त्यांना भेटायचे आहे. अमुक तारखेला मी परत कामावर रुजू होणार आहे. त्यासोबत मुख्याध्यापकांचे रजामंजुरीचे पत्र, मुलीचा बोनाफाईड दाखला, फ्लॅटची मिळकतकराची पावती आणि सासूबाई तुमच्याकडे राहतात हे दाखवणारे रेशनकार्डासारखे काही असू द्या. आता गंमत पाहा: यजमान म्हणतात तसा आधी राजीनामा दिलात, दाखला काढलात, फ्लॅटला भाडेकरू आणलात, तर परत येण्याची ही सगळी कारणे तुम्ही स्वतःच पुसून टाकाल आणि मग व्हिजिटर व्हिसाच नाकारला जाण्याची शक्यता वाढेल. घाईने केलेली तयारीच अशी आड येते. व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला तरी तेवढ्याने स्पॉन्सरशिपची फाईल बंद होत नाही, हेही लक्षात असू द्या. त्या भीतीने अर्जच करायचा नाही असे ठरवू नका.

एजंटचा दुसरा सल्ला फाईल मागे घेऊन तिथून नवी लावण्याचा. तोही मला पटत नाही. बाहेरून केलेल्या अर्जाचा एक मोठा फायदा आहे: तो नाकारला गेला, तर स्पॉन्सर म्हणून तुमचे यजमान ३० दिवसांच्या आत तिथल्या इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागू शकतात, आणि तिथे संपूर्ण प्रकरण नव्याने मांडता येते. कॅनडात राहून केलेल्या अर्जाला हे अपील नाही. उरतो तो फेडरल कोर्टाचा रस्ता, तोही आधी परवानगी घेऊन. शिवाय आत राहून अर्ज केला की मधल्या काळात सासूबाईंना बरे नाही म्हणून पुण्याला यावे लागले, तर परत आत घेतील याची खात्री नसते. तुमच्या घरची परिस्थिती पाहता हा धोका पत्करण्यासारखा नाही. इतके महिने रांगेत पुढे सरकलेली फाईल सोडून रांगेच्या शेपटीला कशाला उभे राहायचे? आणि तिथे जाऊन बसलो की फाईल हलते, हा समज तर अगदीच निराधार आहे. बाहेरून केलेला अर्ज चालू असतानाही तुम्ही तिथे भेटीला जाऊन राहू शकता. त्याने फाईल लवकर होत नाही आणि अडतही नाही. पत्ता बदलला तर खात्याला कळवायचा आणि मुलाखतीला बोलावले तर जायचे, एवढेच.

या माणसाला तुम्ही पैसे दिलेले नसतील अशी आशा करते. कॅनडाच्या इमिग्रेशनबद्दल पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या परवानाधारकांनाच आहे. परवानाधारकांची यादी कॉलेजच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पुण्यात पाटी कितीही मोठी असली, तरी त्या यादीत नाव सापडले नाही तर नमस्कार करून बाहेर पडा.

तिथे व्हिजिटर म्हणून राहणे म्हणजे नेमके काय, याचे चित्र दोघांनी एकदा समोर ठेवावे. साधारणपणे ६ महिन्यांची मुदत मिळते. मुदत संपण्याआधी अर्ज केला तर ती वाढवून मागता येते. नोकरी करता येत नाही. प्रांताचा सरकारी आरोग्य विमा व्हिजिटरला सहसा मिळत नाही, त्यामुळे प्रवासाचा वैद्यकीय विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका. तिथल्या इमर्जन्सीतली एक रात्र घरचे गणित कोलमडवू शकते. २०२३ मध्ये खात्याने स्पॉन्सरशिपच्या रांगेत असलेल्या आणि कॅनडात पोहोचलेल्या जोडीदारांना ओपन वर्क परमिटची सोय जाहीर केली होती. तुम्ही जाल त्या वेळी ती कोणत्या अटींवर चालू आहे, हे खात्याच्याच संकेतस्थळावर पाहा. पण परमिट मिळेल हे धरून इथला पगार सोडू नका.

कारण मुख्य प्रश्न पैशांहून मोठा आहे. १३-१४ वर्षे वर्ग सांभाळलेली, पालकसभेत बोलणारी, स्वतःच्या खात्यातून स्वतःचे खर्च करणारी बाई अनोळखी गावात, थंडीत, दिवसभर एका अपार्टमेंटमध्ये निकालाची वाट पाहत बसते, तेव्हा तिच्या मनाचे काय होते ते मी समुपदेशनात पाहत आले आहे. नवरा प्रेमळ असला तरी ते होते. बसच्या पासापासून मुलीच्या बुटांपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी हात पुढे करावा लागतो आणि जी चिडचिड होते तिला नाव देता येत नाही. आणखी एक गोष्ट, जी तुमच्या बाबतीत लागू नसावी असे पत्रावरून वाटते, पण हे सदर वाचणाऱ्या कोणा ना कोणाला ती लागू असेल: पीआर मंजूर होईपर्यंत स्पॉन्सरला अर्ज मागे घेता येतो. ज्या घरात धाक आहे, संशय आहे, मारहाण आहे, तिथल्या स्त्रीने निकालाआधी इथले सगळे दोर कापून जाऊ नये. एकदा पीआर मिळाले की ते नाते टिकण्यावर अवलंबून राहत नाही. २ वर्षे एकत्र राहण्याची पूर्वीची अट २०१७ मध्येच काढून टाकली आहे.

नोकरीबद्दल मी ठामपणे सांगते. अनुदानित शाळेतली कायम जागा एकदा सोडली की ती पुन्हा मिळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसलेली टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण मुले तुमच्या ओळखीतही असतील. राजीनामा द्यायचाच झाला तर खाजगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे कायम शिक्षकाला ३ महिन्यांची नोटीस लागते, आणि तेवढे दिवस पीआर आल्यावरही तुमच्याजवळ असतील. म्हणून आत्ता राजीनाम्याचा कागद काढू नका. उन्हाळी सुट्टी, तिला जोडून शिल्लक रजा आणि लागलीच तर बिनपगारी असाधारण रजा, या क्रमाने मुख्याध्यापकांशी बोला, परदेशी जाण्याची संस्थेची परवानगी लेखी घ्या आणि दहावीच्या पेपर तपासणीच्या दिवसांत मागणी ठेवू नका. वाटाघाटीत तुमची बाजू दुबळी नाही. शाळेलाही सत्राच्या मध्यावर शिक्षक गमावण्यापेक्षा रजा देणे परवडते.

मधल्या काळात तिथल्या शिक्षकी पेशाची चौकशी सुरू करा, कारण ते काम पुण्यात बसूनच चांगले होते. ऑंटारियोत, म्हणजे टोरोंटो ज्या प्रांतात आहे तिथे, शाळेत शिकवायचे तर ऑंटारियो कॉलेज ऑफ टीचर्सची नोंदणी लागते. आपल्याकडे बी.एड. २०१५ पासून २ वर्षांचे झाले, आणि ऑंटारियोतही त्याच वर्षापासून शिक्षक प्रशिक्षण ४ सत्रांचे झाले. तुमचे बी.एड. त्याआधीचे, म्हणजे एका वर्षाचे असणार. तेव्हा आणखी काय शिकावे लागेल हे आधी विचारून घ्या. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढणे, ती सीलबंद पाठवून घेणे, जुन्या गुणपत्रिकेतल्या नावातली चूक दुरुस्त करणे, ही कामे सातासमुद्रापलीकडून भावाला किंवा मैत्रिणीला गणेशखिंडीत हेलपाटे घालायला लावून करायची नसतात. सासरची माणसे विचारतात त्या "नोकरी मोठी का" या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: तुम्ही नोकरी धरून बसलेल्या नाही, तिथेही कामाला लागता यावे याची तयारी करत आहात.

मुलीच्या शाळेचा दाखला काढू नका. हे एक वाक्य मी वेगळे लिहिते, कारण निघण्याच्या गडबडीत सर्वांत आधी हाच कागद काढला जातो आणि चांगल्या शाळेतली जागा त्याच दिवशी जाते. वडील तिथले कायम रहिवासी असल्याने तिला तिथल्या शाळेत बसण्यासाठी वेगळे स्टडी परमिट लागत नाही, तरी स्कूल बोर्ड कोणते कागद मागते ते यजमानांनी प्रत्यक्ष जाऊन विचारावे. आपले वर्ष एप्रिलमध्ये संपते, ऑंटारियोचे सप्टेंबरात सुरू होते आणि तिथे इयत्ता जन्मवर्षावरून ठरते. त्यामुळे सहावी पूर्ण करून ती गेली तर सप्टेंबरात सातवीत बसेल आणि वर्ष बुडणार नाही. तिथे चौथीपासून आठवीपर्यंत फ्रेंच सक्तीचे आहे. आत्तापासून थोडे कानावर पडू द्या, वर्गात पहिल्याच आठवड्यात आपल्याला काही येत नाही असे वाटणे टळेल. पण सुट्टीतल्या भेटीला 'आता आपण कायमचे चाललो' असे तिला सांगू नका. मैत्रिणींचा निरोप घेऊन, सायकल कोणाला देऊन, ती ऑगस्टमध्ये त्याच वर्गात परत येऊन बसली तर त्या वयात फार लागते. "बाबांकडे सुट्टीला चाललोय, पुढचे ठरले की तुलाच आधी सांगू" हे खरे आहे आणि तिला पेलणारे आहे. तिच्यासोबत तुम्ही एकट्याच प्रवास करणार असल्याने यजमानांचे संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा.

सासूबाईंबद्दल पत्रात एकच वाक्य आहे, आणि मला वाटते तुमच्या भीतीतला मोठा वाटा तिथे आहे. सासरे गेल्यानंतर त्या घरात त्यांना एकट्याने ठेवून जायचे, हे तुम्हाला पटत नाही, पण बोलून दाखवले तर जाणे टाळण्याचा बहाणा वाटेल म्हणून तुम्ही गप्प आहात. बोला. त्या तुमच्या यजमानांच्या आई आहेत; त्यांची सोय लावणे ही सुनेने एकटीने सोडवायची गोष्ट नाही. आई-वडिलांसाठी कॅनडाचा सुपर व्हिसा असतो. त्यावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते. बोलावणाऱ्या मुलाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर लागते आणि किमान १,००,००० कॅनेडियन डॉलर संरक्षणाचा वर्षभराचा वैद्यकीय विमा लागतो. त्यांच्या वयाला हा विमा स्वस्त नसतो. हा खर्च झेपेल का, त्यांना तिथे जायचे आहे का, की नाशिकला लेकीकडे राहणे त्यांना बरे वाटेल, हे त्यांना विचारल्याशिवाय कोणी ठरवू नये. तुमची सुट्टीतली भेट ही या दृष्टीने चांगली चाचणी आहे: तेवढे दिवस त्या नाशिकला राहतील आणि नणंदेलाही अंदाज येईल.

फ्लॅटबद्दल थोडक्यात. विकू नका, आणि निकालाआधी भाड्यानेही देऊ नका. ११ महिन्यांच्या करारात भाडेकरू बसला आणि तुम्हाला तिसऱ्या महिन्यात परतावे लागले तर पंचाईत होईल. विश्वासातल्या माणसाच्या नावे मर्यादित कामांपुरते मुखत्यारपत्र इथेच नोंदवून ठेवा. बँकेची खाती भेटीसाठी जाताना आहेत तशीच राहतात. कायमचे स्थायिक व्हायला गेलात की मात्र बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे, करून घ्यावे लागेल.

आता यजमानांशी बोलण्याबद्दल. तुमच्या घरात एकाची मागणी आणि दुसऱ्याची भीती समोरासमोर उभी आहे, आणि त्यात जो मागतो तो प्रेमळ आणि जो घाबरतो तो स्वार्थी ठरतो. हे न्याय्य नाही. निकाल उलटा लागला तर कोणाचे काय जाते, हे एका कागदावर दोघांनी मिळून लिहा. त्यांची नोकरी तिथेच राहील, घर तिथेच राहील. जाईल ती तुमची जागा, मुलीचे वर्ष, सासूबाईंची घडी. जोखीम अशी एका बाजूला कललेली असताना भीती वाटणे हे शहाणपण आहे, आणि त्यासाठी अपराधी वाटून घेण्याचे काहीच कारण नाही. हे त्यांना आरोप म्हणून सांगू नका, हिशेब म्हणून दाखवा. मुलगी शाळेत गेलेली असताना, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, निवांत.

त्याच बैठकीत हेही विचारा की येणे-जाणे फक्त तुमच्याच बाजूने का धरले आहे. स्पॉन्सरशिप चालू असताना पीआर असलेल्या स्पॉन्सरने राहायचे कॅनडातच असते, हे खरे. पण रजा घेऊन थोड्या दिवसांसाठी पुण्याला यायला त्यांना आडकाठी नाही. तुम्ही उन्हाळ्यात गेलात, ते दिवाळीत आले, तर ताटातुटीचे वर्ष दोन भागांत विभागले जाईल. या भेटींची तिकिटे आणि फोटो फाइलीला नात्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतील, पण तो दुय्यम भाग.

आणि निकाल मनासारखा लागला, तरी त्या आठवड्यातच गाशा गुंडाळावा लागत नाही, हे त्यांना अवश्य सांगा. मंजुरीच्या कागदावर मुदत असते, ती बहुधा मेडिकल किंवा पासपोर्ट संपण्याच्या तारखेला धरून असते. त्या मुदतीत एकदा जाऊन पीआर म्हणून नोंद व्हावी लागते. त्यानंतर ५ वर्षांत ७३० दिवस तिथे राहण्याची अट आहे. म्हणजे नोंद करून, पीआर कार्ड घरपोच येईपर्यंत थांबून, तुम्ही पुण्याला परत येऊ शकता. नोटिशीचे ३ महिने पूर्ण करून, वर्गाचा अभ्यासक्रम संपवून, मुलीचा दाखला तेव्हा काढून, सन्मानाने निघू शकता. कार्डासाठी मात्र थांबाच. ते हातात नसताना परतीच्या विमानात बसताना अडचण येते आणि त्यासाठी वेगळे प्रवासपत्र काढत बसावे लागते.

तेव्हा या आठवड्यात करायची कामे दोनच. यजमानांना सांगून फाईलची सद्यस्थिती इमिग्रेशन खात्याकडच्या ऑनलाइन अकाउंटमधून तपासायला लावा, विशेषतः पूर्वीची मेडिकल जुनी झाली असेल तर नवीन मागितली आहे का, कारण ती साधारण १२ महिनेच चालते आणि असा एखादा निरोप न वाचता पडून राहिला की फाईल तिथेच थांबते. आणि मुख्याध्यापकांकडे उन्हाळी सुट्टीला जोडून रजेचा अर्ज द्या. रजामंजुरीचे पत्र हातात आल्यावर व्हिसाचा अर्ज भरा, त्याच्या आधी नको.